गर्भाशयमुखाचा कॅन्सर : पुरावा आपल्या बायकांनी दिला, तपासणी मात्र दारापर्यंत आली नाही

यंदाचा वर्षावास सुरू झाला आणि त्याच सुमारास हिंगोलीची बातमी आली. हिंगोली जिल्ह्यात साडेचौदा हजारांवर महिलांमध्ये कॅन्सरसदृश लक्षणे आढळल्याची माहिती राज्याचे आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात दिली. पाहता पाहता ते कात्रण आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले. पुढच्या रविवारी महाळुंगे परिसरातील एका विहारात ग्रंथवाचन संपून चहा सुरू होता, तेव्हा एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. हे महाळुंगे चाकणजवळचे नव्हे. मुळशी तालुक्यातले, बालेवाडीच्या क्रीडा संकुलालगतचे. ताई चाळिशी ओलांडलेल्या, टॉवरमधल्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "ताई, माझ्या अंगावरून पांढरं जातं. दोन वर्षं झाली. मला पण कॅन्सर असंल का?"

"दवाखान्यात दाखवलं का?" मी विचारले.

"दाखवलं की. डॉक्टर म्हणले, पिशवीच्या तोंडाला जखम हाय, पिशवी काढून टाका, न्हाईतर पुढं कॅन्सर व्हईल. पैसं नव्हतं, म्हणून राहिलं."

पैसे नव्हते म्हणून एका बाईचे गर्भाशय वाचले. या एका वाक्यात आपल्या आरोग्यव्यवस्थेबद्दल बरेच काही आले. त्या डॉक्टरांनी कॅन्सरची कोणतीही तपासणी केलेली नव्हती. थेट शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता.

मग मी जमलेल्या सगळ्याच जणींना विचारले, गर्भाशयमुखाची तपासणी आजवर कोणी करून घेतली आहे? एकही हात वर आला नाही. याचे मला आश्चर्य वाटले नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, देशात ३० ते ४९ वयोगटातील दर शंभर महिलांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतली आहे. आमच्या विहारातले चित्र देशाच्या चित्राहून वेगळे नव्हते.

हिंगोलीचा आकडा नीट वाचू या

आधी त्या बातमीकडे पाहू. जागतिक महिला दिनी, म्हणजे ८ मार्च २०२५ रोजी, हिंगोलीत 'संजीवनी' अभियान सुरू झाले. घरोघरी जाऊन महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. सुमारे २ लाख ९३ हजार महिलांनी उत्तरे दिली. त्यांपैकी साडेचौदा हजारांवर जणींच्या उत्तरांत कॅन्सरची शंका घेण्याजोगी लक्षणे होती. पुढील तपासण्यांनंतर, मंत्र्यांनी उत्तर दिले तोवर, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे ३, स्तनाच्या कॅन्सरचे १ आणि तोंडाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण निश्चित झाले होते.

म्हणजे साडेचौदा हजार हा कॅन्सरचा आकडा नव्हताच. तो होता त्रास अंगावर काढणाऱ्या बायकांचा. मथळ्यांनी हा फरक पुसून टाकला आणि वस्त्यावस्त्यांत भीती पसरली. घाबरलेली बाई चुकीच्या दारात गेली, की तिचे गर्भाशय जाते, हे आपण बीडमध्ये पाहिले आहे. त्याकडे पुढे येतेच.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लक्षणे विचारून गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत सापडत नाही. हा कॅन्सर होण्याआधी पेशींमध्ये जे बदल होतात, ते दुखत नाहीत, खुपत नाहीत, त्यातून रक्त जात नाही. लक्षण दिसू लागते तेव्हा बहुधा ती अवस्था मागे पडलेली असते. त्यामुळे ज्या पावणेतीन लाखांहून अधिक महिलांनी प्रश्नावलीत 'काही त्रास नाही' असे सांगितले, त्यांची तपासणी झाली असे म्हणता येत नाही. घरोघरी जाऊन विचारपूस केली हे हिंगोलीचे पाऊल स्वागतार्हच आहे. पण विचारपूस म्हणजे तपासणी नव्हे.

सगळे पांढरे जाणे कॅन्सर नसते

गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड. या तोंडाशी होणाऱ्या तक्रारी अनेक प्रकारच्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच पोत्यात भरल्या जातात, तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिला प्रकार जंतुसंसर्गाचा. वास येणारे, दह्यासारखे किंवा हिरवट पिवळे पाणी जाणे, खाज, आग, ओटीपोटात दुखणे. यावर गोळ्या आहेत. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर बाई बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होते. दुसरा प्रकार त्या 'जखमे'चा. पिशवीच्या तोंडाच्या आतल्या बाजूचे मऊ, लालसर आवरण कधी कधी बाहेरच्या बाजूला आलेले दिसते. तरुणपणी, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे बऱ्याच जणींत असते. दिसायला ते लाल असते म्हणून 'जखम' म्हटले जाते. पण ती जखम नव्हे आणि तो कॅन्सरही नव्हे. बहुतेकींना त्यावर काहीच करावे लागत नाही.

तिसरा प्रकार कॅन्सरपूर्व बदलांचा. याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि तो इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा संसर्ग होतोच. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला परतवून लावते. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि पेशी हळूहळू बिघडू लागतात. त्यांचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे जातात. एचआयव्हीसह जगणाऱ्या महिलांमध्ये हा काळ खूप कमी असतो आणि धोका सहापट असतो. म्हणून त्यांनी २५ व्या वर्षापासूनच तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पंधरा-वीस वर्षे! इतकी सवड देणारा कॅन्सर क्वचितच असेल. या काळात बदल सापडला, तर तेवढा भाग गोठवून किंवा तापवून काढता येतो. काही मिनिटांचे काम असते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार महिलांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार महिला त्याने मरतात. जगात या कॅन्सरने होणाऱ्या दर शंभर मृत्यूंपैकी ९० हून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. विषाणू सगळीकडे सारखाच आहे. फरक तपासणीचा आहे, म्हणजे व्यवस्थेचा आहे.

'पिशवी काढून टाका'

बीडचे प्रकरण आपण विसरता कामा नये. २०१९ मध्ये विधिमंडळात सरकारनेच सांगितले की, तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४ हजार ६०५ महिलांची गर्भाशये काढण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

असे का घडले? उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. फडात ना मोरी, ना आडोसा, ना पुरेसे पाणी. पाळीत, संसर्गात, गरोदरपणात तीच मोळी डोक्यावर. अंगावरून जाऊ लागले की बाई गावच्या खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि कॅन्सरची भीती घातली जाते. कर्ज काढून शस्त्रक्रिया होते आणि त्या कर्जासाठी पुन्हा उचल. तिशीतच गर्भाशय गेले आणि सोबत अंडाशयही काढले, तर लगेच पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, अंग दुखू लागते. आणि ज्या कॅन्सरची भीती घातली होती, त्याची तपासणी बहुतेकींची झालेलीच नसते.

हे बीडपुरते आहे असे समजू नका. मुळशीतच कासारसाई-दारुंब्रे येथे साखर कारखाना आहे आणि हंगामात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या आपल्याच तालुक्यात पडतात. महाळुंगे, माण, हिंजवडीच्या बांधकामांवर मराठवाड्यातून आलेली कुटुंबे आहेत. खाडा तिथेही असतो, फक्त त्याला तिथे 'नागा' किंवा 'सुट्टी कापली' म्हणतात. या मजुरांत आणि घरकामगारांत आपल्या समाजाच्या, मातंग समाजाच्या, भटक्या विमुक्तांच्या बायका किती आहेत, हे मी सांगायला नको.

पुरावा इथलाच

या विषयावर काम करताना एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. स्त्रियांच्या या दुखण्यांबद्दल जगाला जे ज्ञान मिळाले, त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातल्या गरीब बायकांनी दिलेला आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० महिलांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के महिलांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक आजार होते आणि त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढेच सरकारी खात्यांना माहीत होते.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवमधला. १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर महिलांचे चार गट पाडले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी मिळालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. साधारण तितक्याच महिलांच्या, पण तपासणी न मिळालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगाचे धोरण बदलायला त्याने मोठी मदत केली.

तिसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला. टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख महिलांना त्यात घेतले. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्याच मुलींना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी केली. या तपासणीला 'व्हीआयए' म्हणतात. चायनीजच्या गाडीवर असते तसले सौम्य व्हिनेगर गर्भाशयमुखाला लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि बिघडलेला भाग पांढरा दिसतो का ते पाहायचे. प्रयोगशाळा नको, मशीन नको. या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे २०१३ मध्ये जगासमोर आले.

या दोन मोठ्या अभ्यासांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले. तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत माहीत असताना हजारो गरीब बायकांना तपासणीविना ठेवून तुलना का केली? संशोधकांचे उत्तर असे की, भारतात तेव्हा तपासणीच नव्हती, त्यामुळे 'नेहमीची सेवा' म्हणजे तीच होती, आणि इथे परवडणारी पद्धत शोधायची तर इथेच अभ्यास हवा होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण मला विचाराल, तर खरा अन्याय नंतर झाला. पुरावा मिळाल्यावर इतकी वर्षे उलटली, तरी ती तपासणी ज्यांच्या शरीरावर सिद्ध झाली त्यांच्याच वर्गातल्या, जातींतल्या बायकांपर्यंत पोचलेली नाही.

इथे हेन्रिएटा लॅक्स आठवते. अमेरिकेतली गरीब कृष्णवर्णीय स्त्री. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. उपचारादरम्यान तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि 'हेला' या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढतात. त्यांवर कंपन्यांनी पैसा कमावला. तिच्या वारसांना एका कंपनीशी तडजोडीपर्यंत पोचायला २०२३ उजाडले. ज्ञान तळातल्या बाईच्या शरीरातून घ्यायचे आणि त्याचे फळ वरच्या मजल्यावर वाटायचे, हा व्यवहार जातीच्या समाजाला नवा नाही.

महाळुंगेतली बाई तपासणीला का जात नाही

सरकारी कागदावर व्यवस्था आहे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी व्हायला हवी. आशाताईंनी फॉर्म भरायचा, परिचारिकेने तपासणी करायची, संशय आला तर वरच्या रुग्णालयात पाठवायचे. प्रत्यक्षात रक्तदाब आणि साखर तपासली जाते. गर्भाशयमुखाच्या रकान्यापाशी गाडी थांबते. त्यासाठी पडद्याआडची जागा, टेबल, उजेड, प्रशिक्षित हात आणि बाईचा विश्वास लागतो.

महाळुंगेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जून २०२१ मध्ये महाळुंगेसह २३ गावे पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ नंतर काही वर्षे महापालिकेत प्रशासक होता, म्हणजे नगरसेवकही नव्हता. तालुका मुळशी, मुख्यालय पौडला, कर महापालिकेला. 'आमचा सरकारी दवाखाना कोणता?' या प्रश्नाला वस्तीत तीन उत्तरे मिळतात. टॉवरमध्ये राहणाऱ्या मॅडम कंपनीच्या आरोग्य पॅकेजमध्ये दरवर्षी पॅप तपासणी करून घेतात. त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला ती तपासणी असते हेच माहीत नाही. एकाच इमारतीत, एकाच लिफ्टच्या नव्हे तर दोन वेगवेगळ्या लिफ्टच्या अंतरावर, दोन स्त्रियांच्या आयुष्याची शक्यता वेगळी आहे.

शिवाय वेळ. दवाखान्याची वेळ सकाळची आणि घरकामाची वेळही सकाळचीच. एक दिवस बुडाला तर चार घरची बोलणी आणि पगारातली कापणी.

आणि लाज. ही लाज बाईच्या स्वभावात नसते, ती तिच्यावर लादलेली असते. 'अस्वच्छतेने हा कॅन्सर होतो' असे शिबिरांत सर्रास सांगितले जाते. स्वच्छता हवीच. पण या कॅन्सरचे कारण विषाणू आहे, मळ नव्हे. 'वस्तीतल्या बायका अस्वच्छ, म्हणून त्यांना होतो' या वाक्यात विज्ञान कमी आणि जात जास्त आहे. दुसरा संशय चारित्र्याचा. आयुष्यभर एकाच पुरुषाबरोबर राहिलेल्या स्त्रीलाही हा विषाणू होऊ शकतो, कारण तो पुरुषही वाहून आणतो. दोष द्यायला माणूस शोधू नका. तपासणीची तारीख शोधा.

बाईच्या शरीराबद्दल उघडपणे बोलणे आपल्या चळवळीला परके नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. पण ज्या काळात हा विषय घरातही काढला जात नव्हता, तेव्हा तो कायदेमंडळात आला. ८७ वर्षांनी आपण विहारात 'पांढरे जाणे' हा शब्द उच्चारायला का कचरावे?

लस पुण्यात बनते

आता मुलींच्या पिढीबद्दल. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी 'सर्व्हावॅक' ही लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली. जुलै २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली, जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची भाषा झाली. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीने याच कॅन्सरने मेल्याचे नाटक केले आणि देशभर चर्चा त्या नाटकाची झाली. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १४ वर्षांपर्यंतच्या मुलींना मोफत लस देण्याची घोषणा केली. हा लेख लिहिला तेव्हा, ऑगस्ट २०२५ मध्ये, देशाच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात ती अजून आलेली नव्हती. तेव्हा खासगीत एका मात्रेला दोन हजारांच्या आसपास पडत. एका घरच्या महिन्याच्या धुण्याभांड्याला साधारण तेवढेच मिळत.

लसीबद्दल आपल्या लोकांच्या मनात शंका आहे आणि तिला इतिहास आहे. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. अनेकींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीशी जोडता आले नाहीत. पण संमतीच्या बाबतीतली बेफिकिरी उघड झाली, प्रकल्प एप्रिल २०१० मध्ये थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कठोर ताशेरे ओढले. म्हणून आज कुणी 'आमच्या मुलींवर प्रयोग नको' म्हणाले तर त्याला अडाणी ठरवू नका. त्याला पूर्ण माहिती द्या आणि निर्णय पालकांना घेऊ द्या.

याच घटनेतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. त्याच वेळी बार्शी, पुणे, मुंबईसह देशातील नऊ केंद्रांवर दुसरा एक अभ्यास चालू होता. सरकारने लस देणे थांबवल्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली होती. त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि २०२१ मध्ये दिसले की एका मात्रेनेही कॅन्सरच्या मुख्य दोन विषाणूंपासून जवळपास तितकेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक मात्राही पुरेशी मानली, त्यामागे अशा अभ्यासांचा आधार आहे. पुन्हा पुरावा इथलाच!

लस नीट दिली तर काय होते, तेही दिसते आहे. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. आणि हे फक्त श्रीमंतांना जमते असेही नाही. आपल्याहून गरीब असलेल्या रवांडाने २०११ पासूनच देशभर शाळांतून ही लस दिली आहे.

कॅन्सर झाल्यावर पाच लाख, होऊ नये म्हणून काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन येते. हा मोठा आधार आहे आणि तो प्रत्येकीला माहीत हवा. पण योजनेचा हिशेब पाहा. बाईला कॅन्सर झाला की सरकार लाखांत खर्च करणार. तो होऊ नये म्हणून लागणारी तपासणी मात्र कुणाच्याच लक्ष्यात नाही. रुग्णालयाला उपचाराचे पैसे मिळतात. न झालेल्या कॅन्सरचे बिल कुणालाच लावता येत नाही. धोरण बदलायचे तर ते इथे बदलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० चे उद्दिष्ट साधे आहे : १५ वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के महिलांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत चांगली तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार. मधल्या सत्तरच्या जागी आपण दोनवर आहोत.

आपण काय करू शकतो

मागणी सरकारकडे करायची आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही.

प्रत्येक बाईने हे लक्षात ठेवावे. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे. यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट पाहू नका, थेट सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. या भागातून औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे. पुढे ससून आहे.

काही त्रास नसेल आणि वय तिशीपुढे असेल, तरी एकदा तपासणी करून घ्या. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची नसते, तिथे एचपीव्ही चाचणी किंवा पॅप तपासणी विचारा. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागतेच.

कुणी 'पिशवी काढा' म्हणाले तर दोन प्रश्न विचारा : कॅन्सरची तपासणी केली का? त्याचा लेखी रिपोर्ट कुठे आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

विहारांनी वर्षावासातला एक रविवार या विषयासाठी द्यावा. महिलांच्या एका गटाने दुसऱ्या गटाला तपासणीला घेऊन जावे, कारण एकटी बाई जात नाही, पाच जणी मिळून जातात. पुरुषांसाठी वेगळी बैठक घ्या. घरून 'कशाला जातेस?' हा प्रश्न तेच विचारतात. आणि महापालिकेला निवेदन द्या : समाविष्ट गावांतील दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी महिला कर्मचाऱ्यांकडून गर्भाशयमुखाची तपासणी, बदल आढळल्यास तिथेच किंवा ठरलेल्या रुग्णालयात उपचार, आणि ऊसतोड व बांधकाम मजुरांच्या कोप्यांपर्यंत फिरते पथक. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणाऱ्या तथागतांची कथा आपण विहारात सांगतो. तिचा आजचा अर्थ हाच आहे.

त्या ताईंचे काय झाले? दोन आठवड्यांनी एका गुरुवारी त्यांनी चारही घरी सुट्टी सांगितली आणि आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. रांगेत अडीच तास गेले. तपासणीला दहा मिनिटेही लागली नाहीत. जंतुसंसर्ग निघाला. त्यांना आणि नवऱ्याला गोळ्या दिल्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीत काही संशयास्पद आढळले नाही. पाच वर्षांनी पुन्हा यायला सांगितले.

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय? दोन वर्षं मी मरायच्या भीतीत काढली." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी माझ्या जावेला आणते. तिचं तर रक्त जातंय."

जावेला आम्ही गुरुवारपर्यंत थांबू दिले नाही. दुसऱ्याच दिवशी नेले. तिचा रिपोर्ट अजून यायचा आहे.